डाळिंबी टाकीवरची विभूती

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणी जुनी मोटारसायकल घ्यायला निघाला की आधी गुरुबसप्पांकडे यायचा. गुरुबसप्पा रंगारी. भिंतींचे नव्हेत, भिंतीचं काम कुणी विचारलं तर ते पार चिडत. गाड्यांच्या टाक्या, मडगार्ड आणि त्यांवरच्या सोनेरी रेघा हे त्यांचं काम. पण त्यांचं खरं नाव होतं ते रंग ओळखण्यात. कंपनी सुटे भाग रंगवून मग गाडी जोडते, त्यामुळे टाकीवरचा बिल्ला काढला तरी खाली तोच रंग निघतो. गावातला रंगारी जोडलेल्या गाडीवर फवारा मारतो आणि बिल्ल्याखाली जुना रंग लपून राहतो. मागनं मारलेल्या रेघेवर नखही अडतं. गुरुबसप्पा बिल्ला काढत, रेघेवर नख फिरवत आणि सांगत, "कंपनीचा," नाहीतर, "मागनं मारलेला." त्यावर कुणी वाद घालत नसे.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात गावातल्या एका मोटारसायकलवाल्याचं नवं दुकान उघडणार होतं. पंधरा वर्षांमागं कंपनीनं आपल्या रौप्यमहोत्सवाला म्हणून मोजक्या डाळिंबी गाड्या काढल्या होत्या. त्यांतली मूळ रंगाची एक गाडी दुकानाच्या दारात ठेवायची आणि त्या गाडीच्या मालकाला शाल-श्रीफळ द्यायचं, असं ठरलं. तशी गाडी करकंबच्या ईश्वरप्पांकडे होती, आणि ईश्वरप्पा म्हणजे गुरुबसप्पांचे होणारे व्याही. त्यांच्या शिवयोगीशी गुरुबसप्पांच्या सुंदरम्माचा साखरपुडा झालेला, लग्न वैशाखात. गाडी तपासायचा मान अर्थात गुरुबसप्पांचा.

ईश्वरप्पांनी ती गाडी कुर्डुवाडीच्या कुणा रेल्वेवाल्याकडून घेतली होती आणि करकंबात तिचं कौतुक सांगून लोकांचे कान किटवले होते. गुरुबसप्पांनी बिल्ला काढला. खाली डाळिंबीच. रेघेवर नख फिरवलं, अडलं नाही. मग सहज अंगठा टाकीच्या कपाळावरून गेला आणि मध्येच थांबला. हाताला तीन बारीक उंचवटे लागले, आणि तिसरा अर्ध्यावर तुटलेला.

उघड्या पत्र्यावर अस्तराचा पहिला हात मारण्याआधी गुरुबसप्पा विभूतीचे तीन पट्टे ओढत, हात जोडत आणि लगेच फडक्यानं पुसून टाकत. राख राहिली तर रंग धरत नाही. बारा वर्षांमागं कुर्डुवाडीचा रेल्वेवाला हीच गाडी घेऊन, तिच्यावरून पडून टाकी चेपवून आला, तेव्हा त्यांनी गाडी पुरती सुटी करून कंपनीसारखी रंगवली होती, स्वतःलाही ओळखू येऊ नये अशी. त्या दिवशी विभूती लावायचा हट्ट चिमुरड्या सुंदरम्मानं धरला. तिचं करंगळीजवळचं बोट दारात चेंगरून वाकडं झालेलं, ते नीट टेकत नसे. त्या इवल्या बोटांचे पट्टे पुसायला बापाचा जीव धजला नाही. वरून त्यांनी अस्तर मारलं.

"काय व्याही? कंपनीचाच हाय न्हवं?" ईश्वरप्पा चारचौघांत मिशीवर हात फिरवत म्हणाले.

मागनं मारलेला म्हणावं, तर या माणसाचं चारचौघांत हसं होणार, आणि मानी माणूस चिडला तर लग्न मोडणार. साखरपुडा झालेली पोर घरी बसली तर पेठेत तोंड कसं दाखवायचं?

"कंपनीचा," गुरुबसप्पा म्हणाले.

गाडी दुकानाच्या दारात उभी राहिली, भर उन्हात. सोलापूरचं ऊन! गुरुबसप्पांना अन्न गोड लागेना. रोज काहीतरी निमित्त काढून ते दुकानावरून जात आणि लांबूनच टाकीकडे बघत. उंचवटे फुगत होते. रात्री ते दचकून उठत. "काय होतंय तुमास्नी?" बायको शांतम्मा विचारी. "काय न्हाय, उकडतंय," ते म्हणत.

लग्नाचा बस्ता काढायला करकंबची मंडळी आली. लुगडी, शालू, धोतरं घेऊन झाली, तसे ईश्वरप्पा म्हणाले, "चला, आमची गाडी बगू." गुरुबसप्पा सगळ्यांच्या मागून चालले. दुकानापाशी गर्दी होती. टाकीवर रंगाचे पापुद्रे सुटून तीन पांढुरके पट्टे उघडे पडले होते आणि कुणीतरी वर बेलाचं पान ठेवलं होतं.

"शिवानं दर्शन दिलं!" ईश्वरप्पांनी पायताण काढून हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "कंपनीच्या रंगातनं विभूती! सुंदरम्मा, म्होरं ये. पाया पड."

सुंदरम्मा वाकली. बघतच राहिली. मग तिनं आपली तीन बोटं पट्ट्यांवर ठेवली. तिसरं टेकलं नाही.

"अप्पा, ही तर माजीच बोटं की! कुर्डुवाडीची टाकी, तुमी इबूत पुसलीच न्हाई ती!" ती आनंदानं म्हणाली. बापाचा चेहरा बघितला आणि तिचं हसू तिथंच विरलं.

ईश्वरप्पांनी सावकाश पायताण घातलं.

"रंग तुमचा निगाला, त्याचं काय न्हाय," ते हळूच म्हणाले. "पोरीचा हात आदीच लागलाय, ही चांगलीच गोष्ट हाय. पर मी इचारलं तवा खोटं का बोललासा?"

गुरुबसप्पा वाकून खाली पडलेले रंगाचे पापुद्रे वेचू लागले.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. ईश्वरप्पांनी मानपानात काडीचीही कसर ठेवली नाही, सुनेला लेकीसारखं वागवलं. गुरुबसप्पांना वाटलं, सुटलो. फक्त दारात तपासायला येणाऱ्या गाड्या हळूहळू कमी झाल्या.

श्रावणात शिवयोगी सुंदरम्माला माहेरी सोडायला आला तो मोटारसायकलवरून. जुनीच, पण नुकतीच घेतलेली. गुरुबसप्पा सवयीनं पुढं झाले आणि त्यांचा हात बिल्ल्याकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या मामा," जावई अदबीनं म्हणाला. "पंढरपूरच्या रंगाऱ्याला दावलीया. कंपनीचा हाय म्हनला."

रेघ मागनं मारलेली होती; ते हात न लावताही दिसत होतं. सांगावं म्हणून गुरुबसप्पांनी तोंड उघडलं, आणि मग हात धोतराला पुसला.

"आत या," ते म्हणाले. "च्या ठेवलाय."