आबांचा उरलेला शब्द

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, नोकरीभर इंदापूरच्या स्टँडवर गाड्या पुकारत. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिला की बायका घरचा गॅस बंद केलाय ना ते आधी आठवून घेत, कारण आबांची प्रार्थना लवकर आटोपत नसे. आजारी माणसं, परीक्षेची पोरं, हायवेवरचे ट्रकवाले, सगळ्यांना ते देवापुढे नेऊन उभं करत. मग एक दिवस त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालावं लागलं, आणि एवढ्या बोलक्या माणसाकडे एकच शब्द उरला: व्हय.

भाजीवालीने विचारलं, "आबा, वांगी टाकू का?" व्हय. "अजून टाकू?" व्हय. आठवडाभर आम्ही वांगी खाल्ली. मी पोट धरून हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. मला देवाकडून फार काही नको होतं. आबांनी एकदा मला नावाने हाक मारावी, एवढंच.

दर गुरुवारी चर्चची मंडळी आमच्या ओसरीवर जमायची आणि आबांच्या वाचेसाठी प्रार्थना करायची. वर्ष उलटलं तरी वाचा काही आली नाही. मला त्या 'आमेन'चाही राग येऊ लागला होता. आबा मात्र गुरुवारी सकाळपासूनच धुतलेल्या सदऱ्याशी डाव्या हाताने झटापट करत बसायचे.

तशात आमच्याकडे नवे पाळक बदलून आले. ते घरी भेटायला आले तेव्हा मी बारामतीला होते. तिथल्या शाळेत मी शिकवते. आई आत चहा टाकत होती. पाळकसाहेबांनी ओसरीवरच विचारलं, "काय आबा, आता येतं का बोलता?"

"व्हय."

"देवाची स्तुती असो! मग गुरुवारची सभा दुसऱ्या कुणाकडे नेली तर चालेल?"

"व्हय."

चहा बाहेर यायच्या आत सगळं ठरून गेलं.

त्या गुरुवारी आईने सतरंजी घातली, आबा सदरा घालून बसले, आणि कुणीच आलं नाही. आबा फाटकाकडे बघत राहिले. शेवटी मी मंडळीतल्या एकीला फोन लावला, तेव्हा काय घडलं ते कळलं. सभा गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका विधवा बाईंच्या घरी होती. त्यांचा एकुलता एक मुलगा बारामतीच्या दवाखान्यात होता. पण ते ऐकून घ्यायला मी थांबले कुठे! माझं डोकं सणकलं होतं. रिक्षा बोलावली, आबांना आत बसवलं आणि पाळकांना चांगलं सुनवायचं ठरवूनच निघाले.

पाय ओढत येणारे आबा दारात दिसले आणि पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. पण मला भांडायला मिळालंच नाही, कारण त्या बाई प्रार्थना करत होत्या. माझ्या लेकराला उठव, म्हणत होत्या. मधेच त्या थांबल्या. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "देवबापा, ऐकतोयस न्हवं रं?"

पाळकसाहेब बायबलची पानं चाळू लागले.

"व्हय," आबा म्हणाले.

बाई हमसून हमसून रडल्या. मग उठून त्यांनी आबांसाठी खुर्ची आणली आणि स्वतः खुर्चीच्या पायाशी बसल्या.

नाताळाच्या आधी त्यांचा मुलगा गेला. आम्हाला निरोप आला तो एवढाच, की आबांना आणा. आबा दिवसभर तिथे बसून राहिले. बाकीचे लोक देवाची इच्छा वगैरे म्हणत होते. आबांना ते म्हणता येत नव्हतं, बरंच झालं. परतताना रिक्षात मात्र मी त्यांच्यावर चिडले. "कशाला व्हय म्हणालात त्यांना? काय दिलं देवानं?"

"व्हय," आबा म्हणाले. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

पुढे सभा पुन्हा आमच्या ओसरीवर आली, तेव्हा त्या बाई सगळ्यांच्या आधी आल्या. मी चाचरत म्हणाले, "मावशी, त्या दिवशी आबा उगीच..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "आबा 'ऐकतोय' म्हणालं, बाय. 'देतो' म्हणालं न्हाईत. पोरगं गेल्यावर मला कुणापाशी तरी भांडायचं हुतं. ऐकणाराच न्हाय म्हणलं असतं, तर मी जायचं कुठं?"

ते मला पुरतं पटलं असं नाही. मी हट्टी आहे; मागायचं ते मी अजून मागते. पण पूर्वी आमेन म्हटलं की माझ्या पायात चप्पल असायची. आता मागून झालं तरी मी थोडा वेळ तिथेच बसते. बरं वाटतं, खरंच.

आणि रोज सकाळी बारामतीची गाडी पकडायच्या आधी आबांच्या कानाशी वाकून विचारते, "आबा, ऐकतोय न्हवं तो?" ते व्हय म्हणतात. वांग्यांनाही ते व्हयच म्हणाले होते, हे मी विसरलेले नाही. तरी विचारते.

परवा उशीर झाला. काही न विचारताच मी फाटकापर्यंत धावले. मागून, ओसरीवरून, स्टँडवर गाडी पुकारावी तसा खणखणीत आवाज आला, "व्हय!"

कुणी काही विचारलेलं नव्हतं. ती मला मारलेली हाक होती. मी परत फिरले, त्यांच्या खुर्चीशी बसले आणि बारामतीची गाडी जाऊ दिली.