सालांची मालकी

मावशी भाजी निवडायला बसल्या की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. फ्लॉवरचा गड्डा हातात आला की आधी पानं निघत, मग दांडे, मग तुरे, आणि तिघांनाही त्यांच्या लेखी सारखाच मान. मटार सोलताना दाणे एका वाटीत, टरफलं दुसरीत. कोथिंबिरीच्या काड्यांची दोऱ्याने जुडी. चार मजल्यांच्या एका इमारतीत त्या चार घरचा स्वयंपाक करत, दर मजल्यावर एक घर, आणि त्या चार घरांतल्या कचऱ्याच्या डब्यांना त्यांच्या हातून मिळायचं ते एखादी किडकी शेंग आणि जुडीचं रबरबँड. तेही दोनदा विचार करून.

ही काही हौस नव्हती. नवरा गेला तेव्हा मुलगी पहिलीत होती. भाजीवाल्यापुढे उभं राहून मावशींच्या एके दिवशी लक्षात आलं, की आपण पैसे देतो अख्ख्या गड्ड्याचे आणि खातो अर्धाच. उरलेल्या अर्ध्याचं काय? त्या दिवसापासून त्यांनी तो उरलेला अर्धा कधी सोडला नाही. आधी स्वतःच्या घरातला, मग चारही घरांत जो डब्यात जायचा तोही पिशवीत भरून घरी येऊ लागला. दांडे बारीक चिरून परतायचे. बटाट्याची सालं मीठ लावून कुरकुरीत भाजायची. कलिंगडाच्या सालाचा पांढरा भाग किसून शिजवायचा, लिंबाची सालं भांडी घासायला, चहाचा चोथा धुऊन कुंडीला. मावशींच्या घरचा कचरा पंधरा दिवसांतून एकदा बाहेर पडे, आणि तेव्हाही कचरेवाला डबा हलवून बघे की आत आहे का काही. भाजीचे पैसे वाचत ते थेट मुलीच्या हॉस्टेलला जात. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. “हिची निम्मी फी फ्लॉवरच्या दांड्यांनी भरली,” असं मावशी कौतुकाने सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

तर एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी त्यांना जिन्यात गाठलं.

“मावशी, थांबा जरा. पिशवी दाखवा.”

“पिशवी? का हो?”

“महिन्यात दोनदा बदामांचा डबा रिकामा होतो. तुम्ही रोज भरलेली पिशवी घेऊन जाता. मी काय डोळे मिटून बसलेय?”

मॅडमचा आवाज मुळात मोठा, त्यात जिना घुमणारा. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दार उघडून बाहेर आले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी कठड्याला धरून वर बघू लागल्या. मावशींनी पिशवी पायरीवर उपडी केली. दांडे, टरफलं, कलिंगडाच्या फोडींची सालं, कांद्याचे बुडखे.

“मॅडम,” मास्तर म्हणाले, “तुमचे बदाम फारच हिरवे निघाले की!”

जिन्यात हशा पिकला. (बदाम कोण फस्त करत होतं ते पुढे कळलं, पण मॅडमच्या यजमानांची अब्रू काढायला आपण बसलेलो नाही.) मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इथे त्या गप्प बसल्या असत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण गप्प बसणं हा त्यांचा प्रांतच नव्हे.

“हसू नका! घर माझं, भाजी माझ्या पैशांची, मग सालंही माझीच. न विचारता नेली ना? चोरी ती चोरीच!”

मावशींनी सालं गोळा केली, पिशवी मॅडमच्या उंबऱ्याशी ठेवली आणि रिकाम्या हातांनी खाली उतरल्या. पहिल्या मजल्यावर वहिनी नजर चुकवत म्हणाल्या, “मावशी, थोडे दिवस राहू द्या आमच्याकडचं. मी कळवते.”

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. एक घर गेलं. चोर हा शब्द एकदा चिकटला की दुसरं जायला वेळ लागत नाही, आणि मग हॉस्टेलला पाठवायचं काय?

“आई, उद्या त्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही,” मुलगी फोनवर कडाडली.

“टाकणार. काम सोडलं की सगळी इमारत म्हणेल, पकडली गेली म्हणून पळाली. माझं नाव त्या जिन्यात पडलंय. तिथूनच उचलून आणणार.”

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आटोपल्यावर मावशींनी एक झाकलेलं पातेलं मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. “ही आजची सालं. तुमची तुम्ही बघून घ्या.” मॅडमनी नाक मुरडून ती डब्यात फेकली. कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदाच यायची. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात चिलटांचा मेळावा भरला.

त्याहून मोठी पंचाईत सुपाची झाली. त्या घरात रोज रात्री सूप व्हायचं, यजमान दोन-दोन वाट्या प्यायचे, आणि पाहुण्यांनी वाखाणलं की मॅडम मान किंचित तिरपी करून “घरचंच आहे” म्हणायच्या. आता ते सूप कोमट पाण्याला लाजवेल इतकं बेचव होऊ लागलं.

“मावशी, सुपाला काय झालंय?”

“काही नाही. पाणी, मीठ, गाजर. पूर्वी टरफलं, दांडे, बुडखे तासभर उकळून त्याचं पाणी गाळून घालायचे. पण ती तुमची मालमत्ता. न विचारता हात कसा लावू?”

“म्हणजे आम्ही दोन वर्षं कचरा पितोय?”

“तुम्ही त्याला कचरा कुठे म्हणालात, मॅडम? तुम्ही तर चोरीचा माल ठरवलात.”

मॅडमनी पाकिटातलं सूप आणून पाहिलं. यजमानांनी एक घोट घेतला आणि वाटी लांब सरकवली. तेवढ्यात शनिवार उजाडला. यजमानांच्या ऑफिसातले आठ जण रात्री जेवायला येणार होते, आणि त्या सगळ्यांना याच सुपाचं वर्णन आधीच ऐकवून झालं होतं. संध्याकाळी पाचला मॅडम स्वयंपाकघराच्या दारात घुटमळल्या.

“मावशी, सूप तुमच्या पद्धतीने करा. सालं वापरा, हवी तर घरीही न्या. झालं गेलं विसरा.”

“विसरते की. पण चोर म्हणालात जिन्यात, आणि माफी मागताय स्वयंपाकघरात? त्या दिवशी आवाज पहिल्या मजल्यापर्यंत गेला होता. तेवढाच लावा.”

मॅडम लालबुंद झाल्या. मावशींनी हात पुसले आणि स्टुलावर बसून राहिल्या. वरून निवांत दिसत होत्या, पण आत हिशेब चालू होता. ‘चालत्या व्हा’ एवढे दोन शब्द आले असते तर दुसरं घरही गेलं होतं. ते शब्द आले नाहीत. मॅडम बाहेर गेल्या, जिन्याच्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

“काय म्हणालात?” खालून मास्तरांचा आवाज आला. “ऐकू नाही आलं!”

“मावशींनी माझ्या घरातून काहीही चोरलेलं नाही!” मॅडम ओरडल्या. “मीच चुकीचं बोलले!”

दारं धडाधड उघडली. चौथ्या मजल्यावरची माणसं खाली डोकावली. वहिनी ओल्या हातांनीच धावत बाहेर आल्या. “मावशी, उद्यापासून येताय ना? माझंच चुकलं.”

“येते. पण सालं आता विचारूनच नेईन.”

“त्यात विचारायचं काय?” मास्तर म्हणाले. “माझी सगळी सालं आजपासून तुमच्या नावावर!” सगळे हसले, आणि या वेळी मावशीही हसल्या.

आत येऊन त्यांनी मोठं पातेलं गॅसवर चढवलं, मूठभर टरफलं टाकली आणि मुलीला फोन लावला. 

“तुझी आई चोर नाही गं. मॅडम जिन्यात उभ्या राहून ओरडून बोलल्या, सगळ्या इमारतीने ऐकलं. तू असायला हवी होतीस.”

पलीकडून नुसतंच नाक ओढल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, “आई, पहिल्यापासून सांग.”

मावशींनी आच मंद केली आणि पहिल्यापासून सांगितलं.