पप्पांच्या कीपॅडवरचा तीन

पप्पा गेले तेव्हा त्यांच्या कीपॅडवर एकच आकडा उरला होता. तीन.

आज वर्ष झालं.

गेल्या वर्षी चाळीच्या फळ्यावर लावायचं पत्रक मीच टाईप करायला बसले होते. नाव झालं, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ झाली. खालचे दोन शब्द काही केल्या होईनात.
मम्मी म्हणाली, "राहू दे." पत्रक तसंच लागलं.

ते दोन शब्द माझ्याकडे बाकी आहेत. पण आधी कीपॅडचं सांगते.

लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखाली पप्पांचं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळाची पत्रकं, जयंतीचे बॅनर, सगळं तिथेच.
रोज तेच तेच मजकूर टाईप करून कंटाळले, तेव्हा एक दिवस एडिटरच्या सेटिंगमध्ये शिरले आणि कीबोर्डच्या उजवीकडचे सगळे आकडे उडवून टाकले. प्रत्येक बटणावर एकेक वाक्य.

सात दाबला की 'जय भीम'.
पाच दाबला की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.
एकवर 'माझ्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!'
शून्यावर 'कृपया आहेर आणू नयेत'.

मी विचारलं, "पप्पा, आपण बौद्ध. श्रीकृपा बरोब्बर मधल्या बटणावर?"
"गिऱ्हाईकाचा देव गिऱ्हाईकाला. बोट जिथे आधी पडतं तिथे धंदा ठेवायचा."

मी तेव्हा कॉमर्सला. कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच कॉम्प्युटरवर, त्याच एडिटरमध्ये. ताळेबंद टाईप करायला घेतला की पानभर जय भीम आणि श्रीकृपा.

"पप्पा! सात दाबला की जय भीम येतंय!"
"मग वाईट काय आलं?"
"मला आकडे पाहिजेत!"
"वरच्या ओळीत आहेत की. हात वर न्यायला काय होतं?"

रोज भांडण. मम्मी आतून ओरडायची, "एक काय ते ठरवा, गिऱ्हाईक पळेल!"

आता खरी गंमत. दोनवर होतं 'सस्नेह निमंत्रण'. आणि त्याच्या शेजारी, तीनवर, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

झालं ना व्हायचं ते.

वरळी कोळीवाड्यातल्या हिरामावशी मुलाच्या हळदीची पत्रिका करायला आल्या होत्या. मासळीचा बाजार उरकून थेट दुकानात. पप्पांनी झरझर टाईप केलं, प्रिंट काढून हातात दिली. मावशींनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

"आपणांस सहकुटुंब, सहपरिवार... भावपूर्ण श्रद्धांजली."

पप्पांचा चेहरा पांढराफटक.

"अरे मास्तर," मावशी म्हणाल्या, "हळदीला बोलवायचंय रे सगळ्यांना. एवढ्यात कशाला पोचवतोस?"

आणि अशा हसत सुटल्या की स्टुलावर बसावं लागलं. ती चुकलेली प्रिंट मागून घेतली, घरी दाखवायला. हळदीला आम्हाला आग्रहाने बोलावलं आणि मांडवात सगळ्यांना ओळख करून दिली, "हाच तो मास्तर, आपल्याला सहकुटुंब पोचवणारा!"
पप्पा आधी लाजले. मग ब्रास बँड लागल्यावर जे नाचले, की त्यांना मांडवाबाहेर काढायला मम्मीला हात धरून ओढावं लागलं.

पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी तीनवरची श्रद्धांजली काढून टाकली.

मी म्हटलं, "अहो, दुसऱ्या बटणावर टाका. लांबच्या."
"नको. निमंत्रण बटणावर चालतं. हे नाही. कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं. तेवढं आपण हाताने टाईप करायचं."

त्यानंतर कितीही गर्दी असो, ते दोन शब्द पप्पा एकेक अक्षर दाबून टाईप करायचे. समोर गेलेल्याच्या घरचं माणूस बसलेलं असायचं. तेवढा वेळ पप्पा फोनसुद्धा घ्यायचे नाहीत.

मोकळं झालेलं बटण मी मागून घेतलं. "पप्पा, तीन मला द्या. आकडा म्हणून."
"घे. तुझ्या ताळेबंदात तीनच येऊ देत सगळीकडे."

आता दुकान मम्मी चालवते. परवा रिपेअरवाला म्हणाला, "काकी, कीपॅड नॉर्मल करून देऊ?"
मम्मी म्हणाली, "हात लावशील तर बघ."

मी आत्ता त्याच कॉम्प्युटरवर बसलेय. गेल्या वर्षभरात मला शंभर ठिकाणांहून हे दोन शब्द कॉपी-पेस्ट करता आले असते. केले नाहीत. तुम्ही ओरडला असता.

पप्पा, बघा. हाताने करतेय.

भावपूर्ण

(थांबा. पाणी पिऊन आले.)

श्रद्धांजली.

झालं एकदाचं. हिरामावशी दारात उभ्या आहेत, नातीच्या बारशाची पत्रिका करायचीय. म्हणतायत, "पोरी, नीट बघून दाब गं."

चला पप्पा, गिऱ्हाईक आलंय.

जय भीम.

हे मात्र सातनेच केलं.