हिरवं दिसलं तरी

कंग्राळीहून, परशूअण्णाच्या घरून, वहिनींचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या स्टँडवर होते. "वैशू, हे गेले गं..." एवढंच. सांगायला लाज वाटते, पण रडू यायच्या आधी मला भीती वाटली. आता दवाखान्यांचं काय?

परशूअण्णा आणि मी मिळून खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी लहान मुलांच्या औषधाचा डोस काढणारा एक प्रोग्राम सांभाळत होतो. ओपन सोर्स, म्हणजे फुकट. कोड कुणीही बघावा, दुरुस्ती कुणीही पाठवावी. आत घ्यायला मात्र अण्णाची शिस्त कडक. आलेली दुरुस्ती आधी त्याच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आपोआप चाचण्यांतून जायची. सगळ्या पास झाल्या की हिरवी खूण. मग ज्यानं लिहिली त्यानं नाही, दुसऱ्या माणसानं ती हातानं वापरून बघायची. त्याशिवाय 'मर्ज' नाही, म्हणजे दुरुस्ती मूळ प्रोग्राममध्ये जायची नाही.

एकदा माझ्या दुरुस्तीला हिरवी खूण आली. मी खूश! अण्णानं विचारलं, "चाचण्या कुणी लिहिल्या?"

"मीच."

"मग तू चुकलीस तिथंच त्या बी चुकणार की गं!" म्हणत त्यानं कीबोर्ड कन्नडवर टाकला आणि वजन भरलं. मी मराठी-इंग्रजी आकडेच धरले होते. कन्नड आकडा प्रोग्रामला कळेना, त्यानं मुकाट्यानं आधीच्या पेशंटचं वजन उचललं. तान्ह्या बाळाला बारा वर्षांच्या पोराचा डोस! खानापूरकडच्या नर्सबाई कन्नडमध्ये भरतात, हे इथंच जन्मलेल्या मला सुचू नये? मी घाईघाईनं पडद्यावरचा आकडा पुसला. अण्णा म्हणाला, "भ्यालीस न्हवं? लई बरं झालं. हिरवं दिसलं तरी भ्यायचं."

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी गुंजीच्या दवाखान्यातून तक्रार आली. वजन भरताना चुकून मोकळी जागा पडली की प्रोग्राम अडतो. ती जागा काढून टाकणारी दुरुस्ती मी लिहिली, चाचण्याही मीच. हिरवी खूण आली. पण 'मर्ज'च्या बटणावर नेलेलं बोट मी दरवेळी मागं घेतलं... दुसरा माणूस आणू कुठून?

शेवटी कंग्राळीला गेले. लॅपटॉप चालूच होता. "ह्यांनी कधी बंद केला न्हाय, मी कशी करू?" वहिनी म्हणाल्या. त्या अंगणवाडीत रोज मुलांची वजनं करतात. त्यांना अण्णाच्या खुर्चीत बसवलं. "वहिनी, दहा महिन्यांचं बाळ आहे, साडेआठ किलो. भरा."

त्यांनी आठ दाबला. टिंब कुठं आहे ते सापडेना, म्हणून जरा जागा सोडून पाच दाबला. माझ्या दुरुस्तीनं ती जागा काढून टाकली आणि पंच्याऐंशी किलोचा डोस दाखवला.

वहिनींनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "एवढंसं बाळ, आन् एवढं औषध व्हय गं?"

मी लगेच दुरुस्ती मागं घेतली. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण तशीच होती. अण्णाच्या खुर्चीतून वहिनी विचारत होत्या, "माझं काय चुकलं?" आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.