अक्काची दोरी

माझी अक्का शिवकांता पोलिसात हवालदार आहे. उदगीरला फुटबॉलच्या मॅची सुरू झाल्या की दरवर्षी बंदोबस्त तिच्याच गळ्यात पडतो. पहाटे इष्टलिंगाची पूजा, कपाळाला भस्म, मग गुडघ्यांना पट्टे बांधून दिवसभर मैदानावर उभी. गुडघे कधीचे गेलेत.

यंदा साहेबांनी शब्द दिला होता, "फायनल शांततेत पार पाडा, शिवकांताबाई. मग तुम्हाला ठाण्यातच बसून करायचं काम देतो." अक्काला दुसरं काही नकोच होतं.

तिची रीत वेगळी. मैदानाभोवतीची दोरी ती खांबांना बांधायची नाही. खेळणाऱ्या दोन्ही गावांची सगळ्यांत जास्त ओरडणारी पोरं हुडकायची आणि दोरी त्यांच्याच हातात द्यायची.

"ज्याला आत पळायची लई घाई, त्यालाच धरू द्यावं," ती म्हणायची. "काठीला आज भितील. पण पुढल्या साली तेच पोरं हायेत अन् मीच हाय."

फायनल जळकोट आणि नायगावची होती. मी तिचा डबा घेऊन गेले होते. जळकोटच्या बाजूची दोरी बबलूकडं. पंचाला शिव्या द्यायला हा कायम पुढं.

"मावशी, नायगाववाल्यांना इचारा, रुमाल आणलेत का? रडायला लागतील."

"तू दोरी बघ. तुला लागंल तवा माझा देते."

पलीकडून नायगावचा श्रीमंत ओरडला, "मावशी, त्या दोरीनं त्यालाच बांधून टाका!"

मॅच संपायला आली आणि जळकोटनं गोल केला. बबलूनं दोन्ही हात वर केले. इतक्या वर्षांत हे अक्काच्या ध्यानातच आलं नव्हतं. खुशीत माणूस हातातलं सोडून देतो. दोरी पडली, जळकोटवाले आत घुसले. समोरून नायगाववाले निघाले. शिपायांनी काठ्या उचलल्या.

अक्का दोघांच्या मधे धावली आणि मधेच गुडघ्यानं दगा दिला. ती मातीत बसली ती बसलीच.

"थांबा रे! मावशी पडली!" बबलूच ओरडला. श्रीमंत पाण्याची बाटली घेऊन आला. दोघं तिला उठवायला वाकले.

"आधी दोरी उचला," अक्का म्हणाली. "दोरी जागेवर गेल्याबिगर मी उठत न्हाई. खेळा मग माझ्या भोवतीनं."

कुणीतरी हसलं. पोरं मागं सरली. बबलूनं दोरी मनगटाला गुंडाळून घेतली. तेव्हा कुठं अक्का उठली आणि लंगडत कडेला आली. उरलेली मॅच नीट झाली, काठी कुणालाच लागली नाही. महादेवानं सांभाळलं, असं मी म्हणते.

नायगाव हरलं. श्रीमंत मात्र खरंच रडला.

साहेब खूश होते. "आता तुम्हाला कसं सोडू, शिवकांताबाई? ही पोरं दुसऱ्या कुणाचं ऐकतील का?"

अक्कानं सॅल्यूट केला. साहेबांची गाडी गेल्यावर माझ्या खांद्यावर हात टेकला.

"मंजे, डब्यात काय हाय? बसू चल कुठं तरी."