दोन्ही सख्खे विषय

"माझे विषय दोन, मावशी. दोन्ही सख्खे." असं म्हणताना बाई दोन बोटं जोडून वर धरायच्या.

आमच्या साखऱ्याच्या शाळेत त्या थोड्याशा मानधनावर शिकवायच्या. मी तिथं खिचडी शिजवते. तांड्यावरून पायी येणारी ही पोरगी तिथली पहिलीच पदवीधर. पदवी मराठी आणि इतिहास अशी जोडीनं घेतलेली, अर्धी-अर्धी. वर्गातही तसंच. कविता शिकवता शिकवता मध्येच विचारायच्या, "ही लिहिली तवा आपल्या गावात राज्य कोणाचं व्हतं?"

हेडसर खिडकीतून म्हणायचे, "बाई, तास कशाचा चालू आहे?"

"पोरं काय म्हणतात ते पाहून राहिले, सर."

मी चार माणसांत बोलत नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यांना कोणी विचारत नाही. बाई मला विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत चुलीपाशी बसून राहायच्या.

त्यांना बी.एड. करून कायमची बाई व्हायचं होतं. त्यासाठी शिकवायचा एक विषय दाखवावा लागतो, पदवीत त्याचे पुरेसे पेपर लागतात. कॉलेजातला माणूस कागद पाहून म्हणाला, "तुमचा तर धड एकही विषय नाही." हे सांगताना बाई हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी खिचडी चाखली नाही.

ही पदवी चालते असं विद्यापीठानं लिहून दिलं, तर प्रवेश मिळणार होता. तांड्यावर पोस्टमन रोज जात नाही, म्हणून त्यांनी पत्ता शाळेचा दिला.

पत्र आलं ते शनिवारी, शाळा सुटल्यावर. मी भांडी घासत होते. पाकिटावर बाईंचं नाव वाचलं आणि हात पुसून ते घेतलं. आमच्या घरी शिक्षणाचा कागद आला की आधी बुद्धमूर्तीपुढं ठेवतात, मेणबत्ती लावतात, मग ज्याचा त्याला देतात. मीही तसंच केलं. रविवार गेला. सोमवारी शाळेला पोळ्याची सुट्टी. बाईंचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता, पण फोनवर बोलायची मला लाज वाटली. म्हटलं, मंगळवारी हातातच देऊ, साखर घेऊन.

मंगळवारी हेडसरांकडून कळलं की सोमवार प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. बाई पाच वाजेपर्यंत हिंगोलीला कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून होत्या.

मी पाकीट पुढं केलं. त्यांनी पत्र वाचलं. "पदवी चालते म्हणतात, मावशी. कवा आलं हे?"

"शनवारी."

पाकिटाच्या कोपऱ्यावर मेण सांडलं होतं. ते नखानं खरवडत त्या म्हणाल्या, "मूर्तीपुढं ठेवलं व्हतं का?"

"व्हय."

"बरं केलं."

पुढच्या साली फॉर्म निघायच्या आधीच त्यांचं लग्न झालं, वाशीमकडं. पहिल्यांदा माहेरी येऊन परत निघाल्या, तेव्हा त्यांच्या आईसोबत मीही कनेरगाव नाक्यावर गेले. एक वाक्य वर्षभर माझ्या तोंडाशी होतं, ते तिथंही निघालं नाही. बस सुरू झाली तशा बाईच खिडकीतून म्हणाल्या, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. पत्र ठेवलंय मी. औंदा तिकडून फॉर्म भरते, तेच पत्र चालतंय."

मला इतकं हलकं वाटलं की मी आपणहून त्यांच्या आईशी बोलले. "पत्र जपून ठेवा म्हणावं बाईला."

आई बसकडं पाहत होती. "कोणतं, विद्यापीठाचं? ते तर तिनं हातात आलं त्याच दिशी चुलीत घातलं."

बस वाशीमच्या रस्त्याला लागली होती. खिडकीतून बाईंचा हात अजून बाहेर होता.