मागच्या चाकाकडे बघणारे सासरे

माझे सासरे माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीचं मागचं चाक बघत. आम्ही अमरावतीचे. माझ्या लग्नाची बोलणी करायला पुण्याला आलो तेव्हा स्टेशनवर एकच जीप ठरवली आणि काका, मामा, आत्या, फराळाचे डबे असे सगळे तिच्यात कोंबून कोथरूडला पोहोचलो. फाटकाशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझ्या वडिलांना नमस्कार केला, वाकून चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "या, आत या. परत जाताना मात्र तिघांनी रिक्षा करा." माझे वडील बिचारे चहा संपेपर्यंत घाबरून बसले होते. त्यांना वाटलं, स्थळ मोडलं!

स्थळ जुळलं, आणि मला कळलं की बाबा म्हणजे निवृत्त मोटार वाहन निरीक्षक. उभा जन्म नाक्यावर आणि आर.टी.ओ.च्या मैदानात गेलेला. त्यांच्या हातून गाडी सहजासहजी पास होत नसे म्हणून सोसायटीत त्यांना मागे 'पासिंग' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. "म्हणू देत. तोंडाला कुठे ब्रेक असतो?" एवढंच म्हणायचे. मला हिंजवडीला नेणारी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की गॅलरीतून त्यांचा आवाज यायचा, "सूनबाई, उजवीकडे बसा. डावीकडचा पाटा दमलाय तिचा." पाटा म्हणजे चाकाच्या वरची ती लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. बसमधली सगळी पोरं माझ्याकडे बघून हसायची आणि मी मुकाट्यानं उजवीकडे बसायची.

हा माणूस मनातून कसला हौशी होता हे मात्र फार उशिरा समजलं. नाक्यावर असताना हिमाचलहून सफरचंदांचे ट्रक यायचे. जास्त माल असला की बाबा अडवायचे, आणि ते सरदारजी, पहाडी ड्रायव्हर हात जोडून म्हणायचे, "साहब, एक बार हमारा रास्ता देखो, फिर रोको." बाबा अडवायचेच, पण चहा पाजून त्या रस्त्याची माहिती विचारायचे. खडक कोरून केलेला रस्ता, वर डोंगर लोंबतोय, खाली सतलज. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि पाहिलेलं काहीच नव्हतं. कधी सुट्टी नाही, कधी सासूबाईंचे गुडघे. "जायचं राहिलंच," असं ते सफरचंद कापताना हमखास म्हणत.

तेव्हा माझा नवरा, मकरंद, कंपनीचं अमेरिकेतलं ऑनसाइट काम संपवून परतला होता. त्या दिवसांत हिंजवडीत ज्याला त्याला काहीतरी मोठं घ्यायचं होतं. कुणी फ्लॅट घेई, कुणी दुसरा फ्लॅट. यानं जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली आणि जेवताना जाहीर केलं, "बाबा, सप्टेंबरात तुम्हाला तुमचा रस्ता दाखवतो. आपण चौघं." बाबा दुसऱ्या दिवशी तुळशीबागेतून कानटोपी घेऊन आले आणि भर दुपारी घरात घालून बसले.

इथवर सगळं छान होतं. मग मकरंदनं गाडी सजवायला घेतली. पुढे लोखंडी बंपर, त्यावर चिखलातून ओढून काढायचं विंच, डोक्यावर कॅरियर, कॅरियरवर दोन जादा चाकं, डिझेलचे कॅन, तंबू. गाडीची शेपटी खाली बसली. तेव्हा नाना पेठेतून जाडजूड पाटे आणून बसवले, तशी शेपटी वर आली. पठ्ठ्या खूश! "बघा बाबा, आता कितीही भरा, बसत नाही."

"बसत नाही म्हणजे वजन गेलं का?"

"नवे पाटे आहेत, बाबा. जास्त वजनाचे."

"तू ताप उतरवला नाहीस, थर्मामीटर फोडलास." मग चष्मा पुसत म्हणाले, "पाटे वाईट नाहीत. खराब रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहतं. पण ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, टायर तेच. आर.सी. बुकावर जेवढं एकूण वजन लिहिलंय, तेवढीच परवानगी. त्यात तुझा बंपर आला, डिझेल आलं, आणि आपण चौघंही आलो. पाटे बदलून तो आकडा वाढत नाही. उद्या काही झालं तर विमावाला आधी हेच विचारेल."

"अहो बाबा, सगळेच करतात!"

"सगळ्यांना मीच अडवायचो."

पुणेरी घरात भांडणसुद्धा सावकाश होतं, आमच्या अमरावतीसारखं एकदाचं ओरडून मोकळं होत नाही. बाप-लेक मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायला लागले. शेवटी मीच वैतागले आणि म्हटलं, काय ते काट्यावर ठरवा.

निघायच्या आदल्या रविवारी आम्ही मार्केट यार्डाजवळच्या ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. बाबांची अट अशी की प्रवासाला जसं निघणार तसंच चढायचं. बॅगा, पाणी, चिवड्याचे डबे, माणसं, सगळं. सासूबाई अडून बसल्या. "चारचौघांत माझं वजन करायचं नाही!" बाबा म्हणाले, "अगं, तुझं एकटीचं नाही, आपलं सगळ्यांचं मिळून करतोय. लग्नात नाव घेतलंस तसं समज आणि चढ." पुढे कांद्याचा ट्रक, मागे बटाट्याचा, मध्ये आम्ही कानटोपीसकट. आधी अख्खी गाडी झाली, मग नुसती मागची चाकं. काटेवाल्यानं आकडा ओरडून सांगितला. चांगलंच जास्त भरलं, आणि सगळा भार मागच्या चाकांवर.

तिथल्या तिथे सामान उतरवणं सुरू झालं. तंबू गेला, डिझेलचे कॅन गेले, एक चाक गेलं, सासूबाईंची लोणच्याची बरणीसुद्धा गेली. पुन्हा काटा. अजून साधारण एका माणसाइतकं जास्त होतं. मकरंद बंपरकडे बघत होता आणि मी मकरंदकडे. मग मागचं दार उघडलं आणि बाबा खाली उतरले. "आता बरोबर होईल. तुम्ही तिघं जाऊन या. फोटो काढा भरपूर." डोक्यावरची कानटोपी काढून त्यांनी खिशात घातली. मला अस्सं भडभडून आलं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीतला जादा माल उतरवणारा माणूस, आज स्वतःच उतरला होता. आणि गंमत करत नव्हते ते. नियम म्हणजे नियम.

आम्हाला घरी सोडून मकरंद गाडी घेऊन जो गेला तो दिवेलागणीला परतला. गाडी ओळखू येईना. बंपर नाही, विंच नाही, कॅरियर नाही. भार कमी झाला म्हणून पाट्यातली एक पट्टीही काढून आणलेली. काट्याची चिठ्ठी त्यानं बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "हिशेब केला. चौघांसकट बसतंय. चिवडापण." बाबांनी चिठ्ठी वाचली, खाली जाऊन वाकून मागचं चाक पाहिलं आणि वर येऊन म्हणाले, "जेवायला वाढा, भूक लागलीय." हुश्श! त्या रात्री मी पोळ्या लाटताना चक्क गुणगुणत होते.

आम्ही गेलो. बाबा पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला नाव सांगत होते, जणू तिथेच वाढलेत. सतलजेच्या कडेनं उतारावर असताना एका वळणामागे सफरचंदांचा ट्रक रस्त्याच्या मधोमध बंद पडलेला निघाला. मकरंदनं ब्रेक दाबला. गाडी घसरली, थरथरली आणि ट्रकच्या हातभर अलीकडे थांबली. उजवीकडे नुसती दरी. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. 'बघ, सांगितलं होतं ना' हे वाक्य आता येणार म्हणून मी वाट बघत राहिले. आलं नाही. बाबांनी मकरंदच्या मांडीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत तसाच ठेवला. मग खाली उतरले, त्या ड्रायव्हरबरोबर दगडावर बसून सफरचंद खाल्लं आणि तासभर नुसते रस्त्याकडे बघत राहिले. इतका सुखावलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढे काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. दवाखान्यात एका दुपारी मी एकटीच जवळ होते. म्हटलं, "बाबा, काही राहिलंय का? काही हवंय?"

"काही नाही. तो रस्ता पाहिला, झालं." थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाले, "माझ्यासाठी पोरानं सगळं उतरवून ठेवलं गं. मला रोज आठवतं. त्याला सांगू नकोस, उगाच चढून बसेल."

मी बरं म्हटलं, आणि जिना उतरायच्या आत मकरंदला फोन करून सांगून टाकलं.